उरलेले पाच दिवस

प्रिय,

तुझा निरोप काल रात्री वाचला. पाच दिवस उरलेत, दोन बेटं आणि एक धबधबा बघायचा राहिलाय, आणि तुम्ही दोघं तीन दिवस एकमेकांशी धड बोललेला नाहीत. या शेवटच्या गोष्टीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं तिच्यामुळे बिघडतं.

महिनोन्‌महिने पाठीवर सॅक घेऊन हिंडल्यावर दोघांचं मन एकाच दिवशी परत फिरत नाही. एकाचं आधीच घरी पोचलेलं असतं. तो फोनवर कामाचे मेल चाळायला लागतो, स्वतःच्या उशीची आठवण काढतो. दुसऱ्याचं अजून वाळूतच रुतलेलं असतं, आणि आपल्याला कुणीतरी घाईने ओढून नेतंय असं त्याला वाटत राहतं. भांडण मात्र होतं ते बोटीच्या तिकिटावरून, नाहीतर ओल्या टॉवेलवरून. तुमच्यातलं कोण कुठे पोचलंय ते मला इथून कळणार नाही, पण आज संध्याकाळी एकमेकांना ते सरळ सांगून टाका. "मला घरची ओढ लागलीय" असं म्हटल्याने समोरच्याचा अपमान होत नाही. आणि उद्या अर्धा दिवस वेगवेगळे फिरा. इतके दिवस चोवीस तास सोबत राहिल्यावर तेवढी मोकळीक दोघांनाही हवी असते. लग्नाचा म्हण, वेगळं होण्याचा म्हण, कुठलाही मोठा निर्णय या पाच दिवसांत घेऊ नका. उन्हाने आणि अपुऱ्या झोपेने थकलेलं शरीर त्यात फार लुडबुड करतं.

आता तुमच्या बेताबद्दल. दोन्ही बेटं सोडा. धबधबा तर सोडाच. एकच किनारा निवडा, शक्यतो विमानतळाच्या बाजूचा, आणि तिथेच मुक्काम टाका. विमानाच्या आधीचा पूर्ण दिवस समुद्र मध्ये येणार नाही असा हातात ठेवा, कारण वारा सुटला की छोट्या बोटी बंद होतात आणि विमान काही थांबत नाही. डायव्हिंग करायचं मनात असेल तर तेही आधीच उरकून घ्या. एकदाच खाली गेलात तर विमानात बसण्यापूर्वी किमान 12 तास, अनेकदा गेलात तर किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात.

आम्ही दोघं तुमच्या वयाचे असताना माझ्याच हट्टामुळे अडकलो होतो, ते तुला कधी सांगितलं नाही. किनाऱ्याला पोचलो त्या दिवशी दुपारी चारला, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाला वळसा घालून आम्ही पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलो होतो. ओल्या वाळूवरून, चपला हातात घेऊन. सात दिवसांनी, अगदी शेवटच्या दुपारी, मला तीच जागा पुन्हा हवी होती. अडीचला निघालो. पाणी घोट्याला लागत होतं. मी म्हटलं, उतरतंय. ते चढत होतं. भरती-ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे जिथे दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर आठवड्यात ओहोटीची वेळ भरतीची होऊन बसते. हा हिशोब आम्ही केलाच नव्हता. परत फिरलो तेव्हा टोकापाशी लाट कमरेवर आपटत होती. आम्ही खडकावर चढून बसलो. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. अंधार असा पडला की शेजारी बसलेल्या नवऱ्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. त्याने एका शब्दाने मला दोष दिला नाही. साडेसातच्या पुढे पाणी उतरलं तेव्हा एका टॉर्चच्या उजेडात, हात धरून, खडक चाचपत परत आलो. त्या आठवड्यातलं आमचं पहिलं शांत बोलणं त्या खडकावर झालं. पण तेवढ्यासाठी कुणी खडकावर अडकू नये.

शेवटच्या दिवसांत माणूस पोहायलाही जास्त धीट होतो. लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत, गढूळ दिसला तर तिथे उतरू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी बरेचदा तिथूनच परत जातं. ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. अंग तरंगत ठेवा, ओढ सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहा, मग लाटांबरोबर आत या.

सॅक आदल्या रात्री भरू नका, दोन दिवस आधी रिकामी करा. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. खारं पाणी सुकलं की चेनच्या दातांत पांढरे कण बसतात आणि ती नेमकी विमानतळावर अडकते. धुतल्यावर दातांवरून मेणबत्ती फिरवली की ती पुन्हा सरकते. शंख उचलू नका. त्यातल्या कितीतरींत संन्यासी खेकडा राहत असतो, आणि रिकामा शंख त्याच्याच पुढच्या घराचा असतो. प्रवाळाचा तुकडाही नको. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार बहुतेक कठीण प्रवाळ सीमेपार न्यायला परवाना लागतो.

मलेरियाच्या गोळ्या चालू असतील तर घरी आल्यावर बंद करू नका. डॉक्सीसायक्लिन त्या भागातून निघाल्यावरही 4 आठवडे घ्यायची असते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल 7 दिवस. पुढे काही महिन्यांत ताप आला तर कुठे हिंडून आलात ते डॉक्टरांना आधी सांगा.

दोघांच्या सामाईक पैशांचा हिशोब विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी, पोट भरलेलं असताना करा. रांगेत उभं राहून नको.

आणि शेवटच्या सकाळी पाण्यात जायचंच असेल, तर निघण्याआधी तिथल्या होडीवाल्याला त्या दिवशीच्या भरतीची वेळ विचार.

तुझी,
मावशी