संघर्षग्रस्त भागांत महिला मध्यस्थांचं प्रादेशिक जाळं कसं उभारतात? गावात काम करणाऱ्या बाईला त्यातून काय घेता येईल?

तुम्ही समाजकार्य शिकताय आणि नाशिक जिल्ह्यातच काम करायचा विचार आहे असं प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी दिंडोरी तालुक्यातली. गेली बारा वर्षं गावच्या तंटामुक्त समितीत आहे. युद्ध मी पाहिलेलं नाही. भांडणापायी दोन वस्त्यांचं येणंजाणं तुटलेलं मात्र जवळून पाहिलंय, आणि ते पुन्हा जोडताना बायका काय करतात तेही.

आधी काही आकडे सांगते, कारण बायकांचा वाटा किती कमी आहे हे त्यांतून दिसतं, आणि सरकारी जाळी त्यापायीच उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव क्रमांक १३२५ केला. शांततेच्या वाटाघाटींत बायकांना जागा द्या, असं त्यात पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं गेलं. तरीही १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रिया पाहिल्या तर वाटाघाटी करणाऱ्यांत बायका सरासरी १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के आणि करारावर सह्या करणाऱ्यांतही ६ टक्केच. विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: लायक बाई मिळतच नाही. ते उत्तर खोडायला एकेका प्रदेशाने आपल्याकडच्या अनुभवी बायका एकत्र आणल्या. २०१५ मध्ये उत्तर युरोपातल्या पाच नॉर्डिक देशांनी सुरुवात केली, २०१७ मध्ये आफ्रिकन युनियन या तिथल्या देशांच्या संघटनेने 'फेमवाइज' नावाचं जाळं काढलं, त्याच वर्षी भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांचं जाळं झालं, मग राष्ट्रकुलाचं, आणि २०१९ मध्ये या सगळ्यांची मिळून एक आघाडी.

पण मला विचाराल तर शिकण्यासारखं जाळं या सगळ्यांच्या आधीचं आहे, आणि ते कुठल्या सरकारने काढलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन हे तीन देश मानो नदीच्या खोऱ्यात एकमेकांना खेटून आहेत. बंडखोर इकडून तिकडे जायचे, निर्वासितही जायचे, आणि तिन्ही सरकारं एकमेकांवर खापर फोडायची. २००० मध्ये तिथल्या बायकांनी 'मानो नदी महिला शांतता जाळं' उभं केलं. पुढच्याच वर्षी गिनीचे अध्यक्ष लान्साना कोंटे आणि लायबेरियाचे चार्ल्स टेलर यांचं बोलणं पूर्ण तुटलं, तेव्हा या बायका दोघांकडेही गेल्या. कोंटे टेलरशी बोलायला तयार नव्हते. तेव्हा लायबेरियाच्या वयोवृद्ध शिक्षिका मेरी ब्राउनेल यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडू आणि किल्ली अंगाखाली घेऊन मी बसेन. कोंटे हसले आणि राजी झाले. पुढे तिन्ही अध्यक्षांची मोरोक्कोत बैठक झाली. या जाळ्याला २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला.

अध्यक्षाला असं सुनावण्याची मुभा त्यांना कशी मिळाली, यावर मी खूप विचार केलाय. एक तर ती आजीच्या वयाची बाई होती. दुसरं म्हणजे तिच्यासोबत तिन्ही देशांच्या बायका होत्या, त्यामुळे 'ही शत्रूकडून आलीय' असं म्हणायची सोयच उरली नाही. जाळं प्रादेशिक का हवं, याचं उत्तर मला इथे सापडतं. भांडण हद्द ओलांडतं, तर ते सोडवणारीचीही माणसं हद्दीपलीकडे असायला हवीत.

आपल्याच देशातलं उदाहरण मणिपूरचं. तांगखुल नागांमध्ये दुसऱ्या गावात दिलेल्या लेकीला 'पुखरेइला' म्हणतात. दोन गावांत लढाई जुंपली की ती मधे जाऊन उभी राहायची, आणि तिच्यावर कुणीही हात उचलायचा नाही हे दोन्ही गावं पाळायची. एकीकडे तिचं माहेर, दुसरीकडे सासर. पुस्तकात मध्यस्थ 'तटस्थ' असावा असं लिहिलेलं असतं. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या बाईचं दोन्हीकडे पोटात तुटतं तिचं लोक ऐकतात.

आमच्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून वरची आणि खालची वस्ती भिडली. दगडफेक झाली, एकमेकांवर केसेस पडल्या. वरच्या वस्तीने शेतातली पायवाट काटे टाकून बंद केली. शाळा त्याच वाटेवर, त्यामुळे खालच्या वस्तीतली पोरं डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घालून जाऊ लागली, ट्रकच्या कडेकडेने. समितीच्या तीन बैठका रात्री आठला ग्रामपंचायतीत झाल्या. त्या वेळी बायका चुलीपुढे, म्हणजे बैठकीला फक्त पुरुष, आणि विषय फक्त पाणी. मग आम्ही चौघी दुपारी दोनला, द्राक्षबागेतल्या जेवणाच्या सुट्टीत, बांधावर बसायला लागलो. आमच्यातल्या एका आजींचं माहेर वर, सासर खाली. त्या वरच्या भावजयीला एवढंच म्हणाल्या, "पाण्याचं बाप्ये बघतील गं, वाट तेवढी सोड. तुझा नातूही त्याच वर्गात बसतो." चौथ्या दिवशी काटे निघाले. पाण्याचा तोडगा निघायला आणखी दोन महिने लागले, पण तोवर बोलणं सुरू झालेलं होतं.

केनियाच्या वजीर भागात बायकांनीही असंच मूळ भांडणाआधी रोजच्या व्यवहाराला हात घातलेला वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सोमाली कुळांत रक्तपात चालू होता. तिथल्या डेखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या मैत्रिणींनी सुरुवात केली ती बाजारापासून: कुठल्याही कुळाच्या बाईला तिथे विकता आणि घेता आलं पाहिजे. त्यावर लक्ष ठेवायला त्यांनी बायकाच नेमल्या. मग त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, आणि १९९३ मध्ये अल-फताह जाहीरनामा, म्हणजे कुळांमधला शांततेचा करार झाला.

आमच्या वाटेची गोष्ट इथे थांबत नाही, आणि हे तुम्हाला मुद्दाम सांगते. समझोत्याचा कागद झाला तेव्हा त्यावर अकरा सह्या झाल्या, एकही बाईची नाही. आजींना कुणी बोलावलंच नाही. मला ते अजून सलतं. वर दिलेले ६ टक्के वाचले की मला तो कागद आठवतो. मोठ्या जाळ्यांचंही हेच दुखणं आहे: नावांची यादी तयार असते, प्रशिक्षणं होतात, पण प्रत्यक्ष टेबलावर नेमणूक करायची वेळ आली की फोन दुसऱ्याच कुणाला जातो. म्हणून जाळ्याचं अर्धं काम मध्यस्थी शिकणं आणि अर्धं काम खुर्चीसाठी भांडणं, असं धरून चाला. आता आमच्या गावात आम्ही आधीच सांगतो की समझोता घडवणारीची सही नसेल तर कागद वाचून दाखवायला आम्ही बसणार नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. तिच्यात तीन मध्यस्थांचं पॅनेल सांगितलंय आणि बायकांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करा असंही म्हटलंय. ते कलम छापून जवळ ठेवा, बैठकीत कामाला येतं.

आणि पैशाचं आधी ठरवा. जायच्या-यायच्या भाड्याचं, बुडालेल्या रोजाचं, कडेवरच्या पोराचं. हे न ठरवता सुरू केलेले गट दुसऱ्या बैठकीलाच निम्मे झालेले मी पाहिलेत.

आमचं जाळं सध्या म्हणजे एक वही आणि चौदा गावांतल्या बायकांचे फोन नंबर. वहीत नावापुढे दोन रकाने आहेत, माहेर आणि सासर. दोन गावांत काही पेटलं की आधी ती वही उघडतो: दोन्हीकडची कोण आहे? नसेल तर तिसऱ्या गावातली कोण चालेल? तुम्ही सुरुवात इथूनच करा, संस्थेची नोंदणी नंतर. आमच्याकडे अजून तीन गावं अशी आहेत की वहीतल्या कुणाचंच माहेर तिथे नाही. छाटणीची घाई सरली की दिवाळीनंतर त्या तीन गावांना जायचं ठरलंय.