११ अधिक ११, तरी २२ नाही

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे. नवं डिझाइन मागावर चढवण्याआधी पार्टीला पाठवायचे फोटो मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या सायकल्स इंजिनवर रेंडर करतो, म्हणजे संगणकाकडून तयार करून घेतो. सध्या ६ जीबी मेमरीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे. सहा टॉवेलांचा सेट मांडला की ‘सिस्टिम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी’ असा मेसेज येतो आणि काम अडतं. ओळखीतला एकजण प्रत्येकी ११ जीबीची दोन जुनी जीटीएक्स १०८० टीआय देतोय. म्हणतो, ‘२२ जीबी झाले, नव्यात १६च मिळतील.’ त्यात थोडे पैसे घातले तर नवीन आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी येतं. मदरबोर्ड बी४५० आहे, पॉवर सप्लाय ५५० वॅटचा, यूपीएस ६०० व्हीएचा. धाकटा भाऊ त्याच मशीनवर गेम खेळतो. काय घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नवं एकच घ्या. तुमची अडचण वेगाची नाही, मेमरीची आहे, आणि तिथे दोन कार्डं तुमच्या उपयोगाची नाहीत.

सायकल्सला दोन कार्डं चालतात, त्यासाठी मध्ये ब्रिजही (कार्डं जोडणारी पट्टी) लागत नाही. दोघं मिळून एकच चित्र रंगवतात, म्हणून वेळ वाचतो. पण सीन, म्हणजे चित्रातला सगळा मालमसाला, मात्र दोन्ही कार्डांत पूर्णच्या पूर्ण भरावा लागतो. तुम्हाला कारखान्यातलंच सांगते. एक डिझाइन दोन मागांवर लावलं तर माल लवकर निघतो, पण प्रत्येक मागाला स्वतःचा भरलेला बीम (ताण्याचा रूळ) लागतोच, अर्ध्या बीमवर कुठलाच माग चालत नाही. तसंच हे. ११ जीबीची दोन कार्डं लावली तरी तुमच्या सीनला मर्यादा ११ जीबीचीच. दोन कार्डांची मेमरी एकत्र वापरायची सोय एनव्हीलिंक ही कार्डांमधली वेगवान जोडणी असलेल्या कार्डांवर होते. १०८० टीआयला एनव्हीलिंक नाही, आणि त्याच्या एसएलआय (गेमसाठी दोन कार्डं जोडायची जुनी पद्धत) ब्रिजने ते काम होत नाही.

आता तुमचे ६ जीबी जातात कुठे ते पाहू, कारण कार्ड कुठलंही घेतलंत तरी हे उपयोगी पडेल. तुम्ही कापड स्कॅन करून ८१९२ बाय ८१९२ पिक्सेलचे मॅप, म्हणजे टॉवेलवर चढवायच्या चित्रफाइली, वापरत असाल असं धरते. असा एक रंगीत मॅप कार्डात २५६ एमबी जागा घेतो. डिस्कवरची जेपीजी फाइल १० एमबीची असली तरी कार्डात ती उलगडूनच जाते, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. रंग, नॉर्मल आणि बम्प (उंचसखलपणा), रफनेस (खरखरीतपणा) असे चार मॅप धरले की एका टॉवेलला १ जीबी. सहा टॉवेल म्हणजे ६ जीबी, आणि अजून टेरीचे लूप यायचेच आहेत. थोडंफार जास्त झालं तर सायकल्स मशीनची रॅम वापरून वेळ मारून नेतं, पण रेंडर मंदावतो आणि शेवटी तो मेसेज येतोच.

यावर एक उपाय आजच करून बघा. रफनेस आणि बम्प यांना रंगाची गरज नसते. त्या दोन्ही फाइली फोटो एडिटरमध्ये ८ बिटच्या ग्रेस्केलमध्ये सेव्ह करा. दिसायला काळीपांढरी असून भागत नाही, फाइलच ग्रेस्केल हवी. मग २५६ ऐवजी ६४ एमबी लागतात. एका टॉवेलचा हिशेब ६४० एमबीवर येतो, सहांचा पावणेचार जीबीवर. शिवाय लूप सुटे सुटे कॉपी करू नका. एक तुकडा नीट करा आणि तोच इन्स्टन्स म्हणून पसरवा, म्हणजे मेमरीत तो एकदाच राहतो. एवढं करून रेंडर लावा आणि रेंडरच्या खिडकीत वरच्या पट्टीत ‘पीक’पुढे येणारा आकडा लिहून ठेवा. चादरीच्या मोठ्या सीनचाही लिहा. कार्डाचा निर्णय त्या आकड्यावर करायचा, विकणाऱ्याच्या बेरजेवर नाही.

१०८० टीआयबद्दल मात्र वाकडं बोलणार नाही. मार्च २०१७चं ते कार्ड आपल्या काळात पहिल्या रांगेतलं होतं. त्याची मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहिती ने-आण करायचा वेग, सेकंदाला ४८४ जीबी, आणि २०२५च्या ५०६० टीआयची ४४८. नवं ते सगळंच वरचढ असतं असं नाही. पण रे ट्रेसिंगसाठीचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे) वेगळे कोअर १०८० टीआयमध्ये नाहीत. सायकल्सच्या ऑप्टिक्स मोडला खरा जोर त्या कोअरमुळेच येतो, आणि टेरीसारख्या लुपालुपांच्या पृष्ठभागावर तो जाणवतो. शिवाय ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ला थांबवले आहेत. पुढची तीन वर्षं तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. कार्डावर प्रोग्रॅम चालवण्यासाठीच्या एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीच्या १३व्या आवृत्तीतूनही ही पिढी वगळली आहे. पोटापाण्याचं काम ज्यावर चालतं ते मशीन अशा कार्डावर आज नव्याने उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेचं तर विचारूच नका. एक १०८० टीआय २५० वॅटचं, म्हणजे दोन ५०० वॅटची. ५०६० टीआय १८० वॅटचं. तुमचा ५५० वॅटचा सप्लाय दोन जुन्या कार्डांना पुरणार नाही. त्यांना ८ पिनचे दोन आणि ६ पिनचे दोन प्लग लागतील, आणि ते भागवण्यासाठी कुणी मोलेक्सचे कन्व्हर्टर लावून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा. त्या वायरी तापून वितळतात. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, दोन कार्डांवर रेंडर चालू असताना लाइट गेली की मशीन लगेच बंद पडणार. रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस पूर्ण जोरात चालवलं तर फरक ४८ युनिटचा पडतो.

आणि आपलं सोलापूर! एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर असताना बंद केबिनमध्ये ५०० वॅटची शेगडी कोण पेटवेल? दोन जाड कार्डं एकाखाली एक बसली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवाच ओढतं. त्यात तुमच्याकडे मागांचं तूस. कारखान्यांतली कार्डं माझ्याकडे उघडायला येतात तेव्हा पंख्याच्या मागे, कार्ड थंड करणाऱ्या पट्ट्यांच्या तोंडाशी तुसाचा थर अक्षरशः नमद्यासारखा बसलेला असतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण आत हवाच जात नाही. मऊ ब्रशने थर सोडवा, मग ब्लोअर मारा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. महिन्यातून एकदा हे व्हायलाच हवं, कार्ड नवं असो वा जुनं.

भावाच्या गेमसाठीही दुसऱ्या कार्डाचा उपयोग नाही. बी४५० बोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला बहुतेक वेळा चारच लेन (डेटाच्या वाटा) असतात, एसएलआयला निदान आठ लागतात. एनव्हिडियाने एसएलआयची नवी प्रोफाइलं (नव्या गेमसाठीची सेटिंग्ज) देणंही २०२१पासून थांबवलं आहे.

दोन जुनी कार्डं मी घ्या म्हणते ती एका कामाला : घरच्या मशीनवर एआयचं भाषा मॉडेल चालवायचं असेल तर. तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटून ठेवता येतात, म्हणून मेमरीची बेरीज खरोखर होते. तुमचं काम ते नाही.

५०६० टीआय घेताना खोका नीट वाचा. याच नावाने ८ जीबीचंही कार्ड मिळतं, तुम्हाला १६चं हवं. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. हे कार्ड आठच लेन वापरतं आणि तुमचा बोर्ड जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.०चा (कार्डाच्या स्लॉटची जुनी, कमी वेगाची पिढी) आहे, पण रेंडरमध्ये सीन एकदा भरला की त्या वाटेवर फारशी ये-जा नसते, त्यामुळे बोर्ड बदलू नका. जुना ड्रायव्हर काढून नवा टाका, ब्लेंडरची ताजी आवृत्ती घ्या आणि प्रेफरन्सेसमध्ये ऑप्टिक्स निवडा. यूपीएसवर मशीन आणि मॉनिटर सोडून काही ठेवू नका.

पैसे कमी पडत असतील तर आरटीएक्स ३०६०चं १२ जीबीचं कार्ड बघा, १७० वॅटचं आहे. त्यातही ८ जीबीचा प्रकार येतो, तो टाळा. आणि ग्रेस्केल केल्यावर ‘पीक’चा आकडा सगळ्या सीनसाठी ५ जीबीच्या आत राहिला, तर यंदा काहीच घेऊ नका. १०६० साफ करून त्यावरच सीझन काढा.