दिवा विझवला, दोष तसाच

गाडी आणि गॅरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचं संगमनेरला कापडाचं दुकान आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या शोरूममधून नवी डिझेल एसयूव्ही घेतली, साडेतेरा लाखांना. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागायला लागला. पुण्याला माल आणायला निघालो तेव्हा चंदनापुरी घाट चढताना पिकअपच गेला. पिवळा इंजिनाचा दिवा पेटला आणि दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत वर आलो. वर्कशॉपमध्ये नेली की ते लॅपटॉप लावतात, गाडी उभ्या उभ्या रेज करतात आणि दिवा घालवून देतात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मॅडम, तुम्ही गाडी हळू चालवता. जरा हायवेला पळवा." पुण्याची खेप दर आठवड्याला असते आणि गाडी मीच चालवते! दोष आमचा की गाडीचा? कंपनी गाडी बदलून देईल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, "गाडी पळवा" हे वाक्य वर्कशॉपच्या काउंटरमागे बसून मीही पुष्कळांना ऐकवलंय. दहातल्या बऱ्याच जणांना ते लागूही पडतं. तुम्हाला पडत नाही, आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली. तीच डीपीएफ. जाळी भरत आली की इंजिन जादा डिझेल फवारून ती तापवतं आणि सुमारे 600 अंशांना काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि गाडी वीसेक मिनिटं एका लयीत चालायला हवी. घर ते दुकान, दुकान ते शाळा एवढंच ज्यांचं फिरणं, त्यांची जाळी तुंबणारच. तिथे कंपनी वापराकडे बोट दाखवते आणि ते अगदीच खोटं नसतं.

पण दर आठवड्याला संगमनेर ते पुणे जाणाऱ्या गाडीची जाळी तुंबत असेल, तर एक तर काजळी जास्त तयार होतेय, नाहीतर ती जाळण्याची क्रिया सुरूच होत नाही. डिझेल फवारणारा इंजेक्टर गळतो, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकतो, जाळीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर किंवा त्याची रबरी नळी खराब असते. आणि एक स्वस्तातला चोर म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणारी झडप. तो उघडा अडकला की इंजिन हवं तेवढं तापतच नाही, आणि इंजिन थंड आहे असं दिसलं की कॉम्प्युटर रिजनरेशनला हात घालत नाही. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या खालीच रेंगाळतो का, एवढं पुढच्या खेपेला बघा.

दुसरी गोष्ट घरीच करा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलंय का? बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचं डिझेल ओघळून ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात, वाढलं तर कोणाला काही वाटत नाही. हे पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो खातं. पातळी वाढलेली असेल तर फोटो काढा, गाडी आणखी रेटू नका, कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला बोलावून वर्कशॉपला पाठवा.

वर्कशॉपमध्ये ते करतात ते फोर्स्ड रिजनरेशन. त्याने साचलेली काजळी जळते, ती का साचली याचा तपास होत नाही. तापाला क्रोसिन देण्यासारखंच.

आता कागदांकडे येऊ, कारण खरी गोची तिथेच असते. आतापर्यंतची सगळी जॉब कार्डं, म्हणजे गाडी टाकताना वर्कशॉप भरतं ते कागद, काढून "ग्राहकाची तक्रार" या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. माझा अंदाज, "जनरल चेकअप" किंवा "वॉशिंग" असेल. तीच तक्रार घेऊन गाडी परत आली की तो रिपीट जॉब होतो आणि तो वर्कशॉपच्या नावावर चढतो, म्हणून लिहायला कोणी उत्सुक नसतं. पुढच्या वेळी ॲडव्हायझरला टाइप करायला लावा : "डीपीएफ व इंजिन दिवा, घाटात पिकअप गेला, हीच तक्रार आधीही नोंदवली आहे." सोबत तारीख आणि किलोमीटर. हे वाचल्याशिवाय सही करू नका. गाडी परत ताब्यात घेताना फॉल्ट कोडचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेल्या बिघाडांचा, प्रिंटआउट मागा आणि त्यात फ्रीझ फ्रेम हवी म्हणून सांगा. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिनाचं पाणी किती तापलेलं होतं, हे कॉम्प्युटर साठवून ठेवतो. मॅडम हळू चालवतात की नाही, ते त्या कागदावर येईल. म्हणूनच तो द्यायला टाळाटाळ होते. "सिस्टिममधून निघत नाही" म्हणाले तर मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्या.

त्यानंतर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, आणि तेच पत्र डीलरला व कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने. पत्रात "गाडी बदलून द्या" अशी सुरुवात करू नका. मागणी अशी ठेवा : कंपनीच्या इंजिनिअरने एरिया सर्व्हिस मॅनेजरसमोर गाडी तपासावी, मूळ कारण लेखी द्यावं, तोवर पर्यायी गाडी द्यावी. पंधरा दिवसांची मुदत घाला. फोनवरच्या गोड बोलण्याला उद्या कोणी विचारणार नाही.

गाडी बदलून मिळण्याचं म्हणाल तर, अमेरिकेत ठरावीक प्रयत्नांत दुरुस्त न झालेल्या नव्या गाडीसाठी वेगळे कायदे आहेत, आपल्याकडे तसा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये, सतत क्लच बिघडणाऱ्या एका गाडीच्या खटल्यात, वॉरंटीत भाग बदलण्याचं कबूल केलंय तर सगळी गाडी बदलायला लावता येणार नाही असं म्हटलं आणि ग्राहकाला नुकसानीचे पैसे दिले. तेव्हा शेजारीपाजारी "सरळ नवी मागा" म्हणतील, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या. उत्पादनातलाच दोष आहे आणि तो जात नाही, हे सिद्ध झालं तर पैसे परत मिळण्याची वाट खुली आहे. ते सिद्ध होतं तज्ज्ञाच्या अहवालावर. ग्राहक आयोग तपासणीचा आदेश देऊ शकतो, पण तो आपण अर्ज करून मागावा लागतो. नुसत्या जॉब कार्डांच्या चळतीवर विसंबलेले बरेच जण इथेच अडकतात.

कंपनी हलली नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे फक्त मध्यस्थी होते, पण काही कंपन्या तेवढ्यानेही जाग्या होतात. तेही जमलं नाही तर ग्राहक आयोग. गाडी नाशिकची असली तरी नाशिकला खेटे घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यात, म्हणजे तुमच्यासाठी अहिल्यानगरला, तक्रार करता येते. दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी 400 रुपये. मुदत दोन वर्षांची आहे. डीलर आणि कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

आणि या काळात नियमित सर्व्हिस एकदाही चुकवू नका, ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. रागाच्या भरात बाहेरच्या गॅरेजमध्ये डीपीएफ काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वॉरंटी जाईल, पीयूसीची अडचण येईल आणि तुमची केस तिथेच संपेल.

प्रश्न : मी सावंतवाडीला स्वतःचा टेम्पो चालवतो. नवा आहे आणि गिअरबॉक्स दोनदा उतरवला. धंद्याची गाडी म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं डीलर सांगतो. खरं का?

उत्तर : अर्धवट खरं. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर राहते, पण स्वतः चालवून त्यावर पोट भरणाऱ्याला तो नियम लागत नाही. तक्रारीत "स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी" हे शब्द स्पष्ट लिहा आणि सोबत स्वतःचं लायसन्स जोडा. गाड्या चार आणि पगारी ड्रायव्हर ठेवलेले असतील, तर मात्र डीलरचं म्हणणं टिकू शकतं.