बाई, खालून सुरू केलं तर चालेल?

प्रश्न: ताई, मी भांडुपला एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. दुपारचं सत्र, वर्गात ५४ मुलं आणि नेमका शेवटचा तास माझा. तोवर मुलं पार आंबलेली असतात, पंखे दोन पण फिरतो एकच, मागच्या बाकावरची तिघं तर वहीच काढत नाहीत. ओरडून ओरडून घसा बसला. मध्ये एका ट्रेनिंगला सांगितलं की मुलांना चॉइस द्या म्हणजे ती आपोआप लक्ष देतात. दिला मी चॉइस! म्हटलं, आज काय करायचं तुम्हीच सांगा. सगळा वर्ग "पीटीऽऽ" करून ओरडला, शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. हे सगळं बोलायला ठीक आहे, पण ५४ मुलांत जमतं का कुठे?
- एक शिक्षिका, भांडुप

उत्तर: अगं, तू पत्रात वय लिहिलंयस म्हणून सरळ तूच म्हणते, चालेल ना? आधी पोटभर हसून घेतलं, कारण माझ्याही वर्गात हेच झालेलं, फक्त माझी मुलं "पिक्चर" म्हणून ओरडली होती.

चूक मुलांची नाही गं, प्रश्नाची आहे. "काय करायचं" हा चॉइस द्यायचाच नसतो, ते तू ठरवायचंस. मसावि-लसावि आज होणार म्हणजे होणार, ते कसं करायचं, कुठून सुरू करायचं, कोणाबरोबर करायचं, एवढंच मुलांच्या हातात द्यायचं. फळ्यावर दहा गणितं लिही आणि सांग, यातली कुठलीही सहा सोडवा, क्रम तुमचा. तिसरं आणि आठवं मात्र सगळ्यांनी करायचंच (ही दोन कुठली ते तू आधीच हुशारीने ठरवून ठेव, ज्यात खरी मेख आहे ती). मग बघ, जो कधी वही काढत नाही तोच विचारेल, बाई, खालून सुरू केलं तर चालेल? चालेल की! पण तो प्रश्न विचारताना त्याने दहाही गणितं वाचलेली असतात, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे दोन मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, की आपल्या कामात आपलं थोडं तरी चालतं, आपल्याला ते जमतं आणि आजूबाजूची माणसं आपली आहेत, ह्या तीन गोष्टी वाटल्या की माणूस मनापासून काम करतो. आता तुझ्या त्या तिघांचा दिवस बघ. सकाळी घरातलं पाणी भर, धाकट्याला सोड, मग शाळा, मग क्लास, कुठे कोणी विचारतंय का त्यांना काही? वही न काढणं एवढी एकच गोष्ट त्यांच्या मर्जीची उरलीय, म्हणून ती घट्ट धरून बसलीत.

पण खिरापत नको. २००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा एक अभ्यास आला, त्यात कॉलेजच्या मुलांना जादा मार्कांसाठी निबंध लिहायचा होता, काहींना ६ विषय दिले आणि काहींना ३०. सहावाल्यांपैकी ७४ टक्के मुलांनी निबंध दिला, तीसवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी. आपलंही तसंच होतं ना, हॉटेलात लांबलचक मेन्यूकार्ड आलं की शेवटी मसाला डोसाच मागवतो. त्यामुळे दोन, फार तर तीन पर्याय. आणि तिन्ही तुला मनापासून चालणारे हवेत, मुलाने निवडल्यावर तोंड वाकडं केलंस तर पुढच्या वेळी तो निवडणारच नाही.

आणि एक, "लिहितोस की बाहेर जातोस?" हा चॉइस नाही, ही धमकी आहे आणि मुलांना ती बरोब्बर कळते. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करत होते, खोटं कशाला बोलू. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पाच मिनिटं जागेवर बसायचा नाही. रोज बाहेर काढायचे, रोज तो व्हरांड्यातून बाकीच्यांना हसवायचा. एकदा वैतागून म्हटलं, बाबा, बसून लिही नाहीतर त्या खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने लिही, मला दोन्ही चालेल. गेला खिडकीत, एक पाय दुसऱ्यावर टेकवून बगळ्यासारखा उभा राहून पानभर लिहिलं त्याने! अक्षर भयानक, पण गणितं बरोबर. वर्षभर ती जागा त्याचीच झाली. मात्र हे गडबड सुरू व्हायच्या आधी विचारायचं, मूल चिडल्यावर विचारलंस तर ते दोन्हीला नाहीच म्हणणार.

५४ चं म्हणशील तर शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलेलं आहे, त्यावर मी काय बोलू. रोज ५४ जणांना वेगवेगळं विचारू नकोस, मरशील. बाकाबाकाला विचार, एकटं सोडवणार की शेजाऱ्याबरोबर? पहिले दोन-तीन दिवस गोंगाट वाढेल, शेजारच्या बाईंना आधीच सांगून ठेव. आणि पीटी मागतात ना, तर शेवटची पाच मिनिटं उभ्याने पाढे म्हणायचे की पायऱ्यांवर एक फेरी मारून यायची, हे त्यांना ठरवू दे.

प्रश्न: ताई, असे चॉइस देत बसलो तर पोर्शन कधी संपणार?
- एक सर, कुर्ला

उत्तर: सर, विचारायला अर्धं मिनिट लागतं. "गप्प बसा" मध्ये तासातली किती मिनिटं जातात ते एकदा घड्याळ लावून बघा आणि मला कळवा, खरंच.