ओढ्याच्या भिंतीवरची चित्रं पावसात टिकावीत म्हणून कोणता रंग वापरावा?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या भिंतीवर सोसायटीतली मुलं-मोठी मिळून चित्रं काढणार आहेत, तर दोन-तीन पावसाळे टिकणारा रंग कोणता आणि परवानगी कुणाची लागते.

टिकाऊ रंगाचा हट्ट आधी सोडा. ऑइल पेंट, इनॅमल, 'वेदरप्रूफ' म्हणून विकलं जाणारं इमल्शन, यातलं काहीही ओढ्याच्या संरक्षक भिंतीला लावू नका. मग डबा कितीही महाग असो.

अशीच एक भिंत, ऐंशीएक फूट लांब. फेब्रुवारीत पुट्टी, प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात मारले. मासे, गुलाबी कमळं, घोषणा. जुलैच्या झडीत खालच्या तीन फुटांत फुगे आले आणि गणपती येईपर्यंत पोपडे सुटायला लागले. त्यातला एक नखानं उचलून पाहिला. पुढून निळाशार, मागे पुट्टीचा थर आणि थरावर मिठासारखी भुकटी, बोटाला लागणारी. हा लोणा. भिंतीमागची माती पावसात भिजते, पाणी भिंतीतून झिरपत पुढे येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. वर रंगाची घट्ट पापडी असली की ते बाहेर वाळू शकत नाही. क्षार पापडीच्या पाठीशी साठतात, त्यांचे खडे वाढतात आणि रंगाला ढकलून देतात. म्हणून पाणी अडवणारा रंग जितका भारी, तितका पोपडा मोठा. तिथे मात्र सगळ्यांनी ठरवलं की रंग हलका आणला म्हणून असं झालं, आणि पुढच्या वर्षी दुप्पट किमतीचा आणला. त्याचीही तीच गत झाली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. भिंतीच्या बुडाशी पाणी निघायला ठेवलेली चार भोकं कमळाचं पान सलग दिसावं म्हणून पुट्टीनं बुजवली होती, हे तर फारच वाईट. ती भोकं बंद झाली की मागच्या पाण्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. आणि सुटलेले पोपडे गेले सरळ ओढ्यात. वाळलेला रंग म्हणजे प्लॅस्टिकच. ओढा वाचवायच्या चित्रानं ओढ्यात प्लॅस्टिक पडावं हे मला सहन होत नाही.

चुना वापरा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, ओल बाहेर पडते. कळीचा चुना, म्हणजे न विरवलेला, एक किलोला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीवर पाणी ओतलंत तर उकळून अंगावर उडेल, आणि प्लॅस्टिकची बादली उष्णतेनं मऊ पडेल. चोवीस तास विरू द्या, मग फडक्यातून गाळा. दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. घट्टपणा दुधासारखा हवा. दाट लावला की वाळल्यावर तडकतो, आणि घाईत नव्वद टक्के लोक दाटच लावतात. भिंत आधी खरवडून, पाणी मारून ओली करा. मग काथ्याच्या ब्रशानं तीन पातळ हात, एक उभा तर पुढचा आडवा. भर उन्हात लावू नका. चुना नुसता वाळून उपयोग नाही, त्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी व्हायला हवं आणि त्यासाठी ओल लागते. काम दिवाळीनंतर, थंडीत काढा.

रंग चुन्याला सोसणारेच घ्या. गेरू, पिवळी माती, काजळी, आणि निळ्यासाठी भुकटीची नीळ. बाटलीतली पातळ नीळ नको, ती उडते. हळद तर अजिबात नको, चुन्यात पडली की लाल होते, कुंकू तसंच करतात. भुकटी चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच, त्यापुढे वाळल्यावर हाताला लागते. ओल्या चुन्यात रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर निम्मा फिका होतो, म्हणून आधी वीटभर जागेवर लावून दोन दिवस थांबा.

हे चित्र दरवर्षी थोडं झिजेल, आणि मला तेच हवंय. गावाकडे दसरा-दिवाळीला घर सारवून चुना काढतात, तसा ओढ्याला दरवर्षी हात लागला पाहिजे. इनॅमल मारून फोटो काढून गेलेली माणसं पुन्हा ओढ्याकडे फिरकत नाहीत. नवं राडारोड्याचं ट्रॅक्टर कुठे रिकामं झालं, कुठलं ड्रेनेज फुटून ओढ्यात येतंय, हे चुना लावायला आलेल्यालाच दिसतं.

काय काढायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. हंस आणि कमळं नकोत. ओढ्याचा नकाशा काढा, कात्रजपासून तो मुठा नदीला मिळतो तिथपर्यंत. हा ओढा पेशवाईत वळवलेला आहे, तेव्हा जुनी वाट गेरूनं आणि आजची निळीनं दाखवा. पक्षी काढायचे तर ढोकरी, खंड्या, शेकाट्या. आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ. माणसं दगावली होती त्या पुरात. रेघ अंदाजानं मारू नका. कुणाच्या घरात पाण्याची खूण राहिली असेल तिथून गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपनं उंची आणा. पाइपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी उंची चुकते, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय का ते आधी बघा. खाली तारीख घाला. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आणि ही रेघ एकाच रंगात नकोत.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चुना गिलाव्यावर धरतो. गुळगुळीत काँक्रीट किंवा काळ्या दगडाची भिंत असेल तर धरणार नाही. मग संरक्षक भिंत सोडा आणि रस्त्याकडची गिलावा केलेली कंपाउंड वॉल घ्या. दुसरं, चुनाही निरुपद्रवी नाही. विरवणं मोठ्यांनीच करायचं, हातमोजे आणि चष्मा घालून. डोळ्यात उडाला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहायचं आणि तडक डॉक्टरकडे. मुलांच्या हाती गाळलेला, रंग मिसळलेला चुना द्या, तोही मोजे घालून. ब्रश आणि पिंप ओढ्यात धुऊ नका. चुन्याच्या निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, मासे मरतील. ओढ्यापासून दूर खड्डा करून त्यात ओता.

परवानगी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून, लेखी. तोंडी 'करा करा' चालत नाही, १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. अर्जात भिंतीची लांबी फुटांत, कुठून कुठपर्यंत, आणि 'पाणी निघण्याची भोकं उघडी ठेवू' हे वाक्य जरूर लिहा.