फिलिपिन्समध्ये टिकटॉक आणि रील्स एवढे घराघरांत कसे पोहोचले?

तुमचा प्रश्न जसाच्या तसा पुन्हा लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल: "सोशल मीडियावर जगात सर्वांत जास्त वेळ फिलिपिनो लोक घालवतात असं वाचलं. टिकटॉक, रील्स अशा छोट्या व्हिडिओंचं तिकडे फार वेड आहे म्हणे. हे एवढं का वाढलं? त्या लोकांना कामधंदा नाही का?"

मी रत्नागिरीचा. बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे आणि गेली चौदा वर्षं माझ्याबरोबरची निम्म्याहून जास्त माणसं फिलिपिनो राहिली आहेत. तुमचं शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं, म्हणून एवढं लांब उत्तर लिहितोय. पंचेचाळीस डिग्रीच्या इंजिन रूममध्ये माझ्या शेजारी उभं राहून प्युरिफायर (तेल स्वच्छ करायचं यंत्र) खोलणारी ही माणसं आहेत. त्यांना कामधंदा आहे, आणि तो घरापासून हजारो मैलांवर आहे. खरं तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे, पण त्याकडे जरा वेळाने येतो.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. २०२१ च्या जागतिक अहवालात फिलिपिन्स पहिल्या नंबरावर होतं: रोज सरासरी ४ तास १५ मिनिटं. २०२४ च्या सुरुवातीला टिकटॉकवर तिथले अठरा वर्षांवरचे पाच कोटींच्या आसपास लोक होते, आणि देशाची लोकसंख्या साधारण साडेअकरा कोटी. फेसबुक तर त्याहून मोठं. वडीलधारी मंडळी बऱ्याचदा तेच व्हिडिओ फेसबुकवर रील म्हणून बघतात.

२०१९ मध्ये सेबू बेटावर बालांबानच्या यार्डात नवी बोट ताब्यात घ्यायला आम्ही तीन आठवडे मुक्कामाला होतो. राहायच्या जागेजवळ गल्लीच्या तोंडाशी एक सारी-सारी दुकान होतं. सारी-सारी म्हणजे घराच्याच खिडकीला जाळी लावून थाटलेलं किराणा दुकान. जाळीला शाम्पू, कॉफी, साबण पावडरीच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. गोडं तेल एवढ्याशा प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं, सिगारेट एकेक सुटी. या सुट्या खरेदीला ते 'तिंगी' म्हणतात. रोजच्या मजुरीवर चूल पेटते तिथे महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्याच खिडकीतून मोबाइलचा 'लोड', म्हणजे रिचार्ज मिळायचा, तोही दहा-वीस पेसोंचा.

दुकानाशेजारी भिंतीवर पत्र्याची एक पेटी होती, तिला नाणं टाकायची फट. ते 'पिसो वायफाय'. एक पेसो, म्हणजे तेव्हाचा सव्वा ते दीड रुपया टाकला की काही मिनिटं इंटरनेट. संध्याकाळी पाच-सहा पोरं भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली असायची. त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा नाणं मुठीत धरून आधी शेजारच्याशी ठरवून घ्यायचा की काय काय बघायचं, आणि मगच नाणं टाकायचा. वेळ संपत आली की फोनवर सेकंद उलटे मोजले जायचे. मग दोघं डोकं डोक्याला लावून शेवटचा एक व्हिडिओ लावायचे. पंधरा सेकंदांचाच असल्यामुळे तो पुरा व्हायचा. ज्याला इंटरनेटसुद्धा पुडीने घ्यावं लागतं त्याला पुडीएवढाच व्हिडिओ परवडतो, हे मला तिथे उभं राहून कळलं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने (मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) फेसबुकच्या फ्री बेसिक्ससारख्या, म्हणजे फेसबुक आणि मोजक्याच साइट फुकट देणाऱ्या योजनांना मनाई केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा पाण्यासारखा वाहू लागला. फिलिपिन्समध्ये फ्री बेसिक्स २०१५ मध्ये आलं आणि रुजलं. कित्येकांसाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक, अशी सवय त्यातून लागली. पुढे मोबाइल कंपन्यांनी व्हिडिओ ॲपसाठी वेगळा डेटा देणारे स्वस्त पॅक काढले, तेव्हा हातात फोन आणि रोज उघडायची सवय दोन्ही तयारच होतं.

पण नुसत्या स्वस्ताईने कुणी कॅमेऱ्यासमोर नाचायला उभं राहत नाही. ते अंगात असावं लागतं, आणि त्यांच्या अंगात ते आहे. कराओकेच्या सिंग-अलाँग यंत्राचं पेटंट रोबेर्तो देल रोसारियो या फिलिपिनो माणसाच्या नावावर होतं. आमच्या मेसमध्ये कुणाचाही वाढदिवस असला की व्हिडिओके मशीन बाहेर निघतं, गाणं संपल्यावर पडद्यावर मार्क येतात, आणि बेसूर गाणाऱ्यालाही टाळ्या मिळतात. घरी दुपारी जेवताना टीव्हीवर गाण्या-नाचण्याचे कार्यक्रम बघत ही माणसं वाढलेली असतात.

टिकटॉक यायच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, मी फोर्थ इंजिनिअर असताना आमच्या बोटीवर मेन मेंडोझाचं वेड लागलं होतं. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायचं डबस्मॅश नावाचं ॲप होतं. त्यावर नकला करून ती घरी बसल्या प्रसिद्ध झाली आणि 'ईट बुलागा' या दुपारच्या कार्यक्रमात आली. तिथे आल्डेन रिचर्ड्सबरोबर तिची जोडी जमली. पडदा मधोमध विभागलेला, दोघं वेगवेगळ्या जागी, आणि बोलणं गाण्यांवर ओठ हलवून. २४ ऑक्टोबर २०१५ ला त्यांच्या भेटीचा कार्यक्रम फिलिपीन अरीनामध्ये झाला, त्यावर ४ कोटी १० लाख ट्वीट पडले. आमच्या क्रूने बंदरातल्या सीमेन्स क्लबच्या वायफायवर ते तुकडे उतरवून घेतले होते आणि पुढचा सगळा प्रवास एका हार्ड डिस्कवरून ते फिरत होते. पडद्याचे दोन भाग आणि दोघांमध्ये अंतर, हे लक्षात ठेवा.

२०२० ने मात्र सगळ्याला जोर दिला. १७ मार्चला लुझॉन बेटावर कडक लॉकडाउन लागला. ५ मे रोजी एबीएस-सीबीएन ही देशातल्या सर्वांत मोठ्या वाहिन्यांपैकी एक, परवान्याची मुदत संपल्यामुळे बंद पडली आणि जुलैत संसदेच्या समितीने नवा परवाना नाकारला. घरात कोंडलेल्या माणसांसमोरचा टीव्हीच अर्धा गेला. शाळेचे वर्गही पुढची जवळजवळ दोन वर्षं भरले नाहीत. मग सगळे फोनकडे वळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या बेला पोर्चने मान डोलावण्याचा एक छोटा व्हिडिओ टाकला, तो पुढे टिकटॉकवर जगात सर्वाधिक पसंतीचा ठरला. ती आधी अमेरिकन नौदलात होती, आणि आमच्या मेसमध्ये तिचं कौतुक घरच्या मुलीसारखं झालं.

आपल्याकडे मात्र २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. संगमेश्वरच्या माझ्या मावसबहिणीने दोन वर्षं शेतातले, गुरांचे व्हिडिओ टाकले होते, ते एका रात्रीत दिसेनासे झाले. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी बोटीवर अडकलो होतो. त्या वर्षाच्या शेवटी जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकलेले होते. माझे तेरा महिने झाले.

त्या वेळचा आमचा एक ऑयलर (इंजिनला तेलपाणी करणारा खलाशी) इलोइलोचा होता, खलाशांचंच शहर ते. त्याची मुलगी सात वर्षांची. बोटीवर इंटरनेट आठवड्याला मोजून मिळायचं, व्हिडिओ कॉल शक्यच नव्हता. हा वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपला की बॉयलर सूटमध्येच, तेलकट हातांनी, फनेलच्या, म्हणजे बोटीच्या धुराड्याच्या, मागच्या बाजूला फोन टेकवून उभा राहायचा आणि वीस सेकंद नाचायचा. नेहमी फ्रेमच्या डाव्या कडेला. मी एकदा विचारलं की मध्ये का उभा राहत नाहीस? तर म्हणाला, उजवी बाजू तिची आहे. टिकटॉकवर 'डुएट' म्हणून सोय आहे, एकाच्या व्हिडिओशेजारी दुसऱ्याने आपला व्हिडिओ जोडायचा. हिंदी महासागरात केलेला नाच त्याने सिंगापूरच्या नांगरावर सिग्नल मिळाल्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन कंट्रोल रूममध्ये त्याने मला फोन दाखवला: डावीकडे हा, मागे समुद्र, उजवीकडे शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, मागे पंखा आणि देव्हाऱ्यातली मेरी. दोघांचे हात एकाच वेळी वर जात होते. मी काही बोलू शकलो नाही. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

आमच्या कोकणात चाकरमानी मुंबईत आणि घर गावाला, असं कित्येक पिढ्या चाललं. त्यांचा चाकरमानी हाँगकाँगमध्ये मुलं सांभाळतो, सौदीत वेल्डिंग करतो, बोटीवर ऑयलर असतो. अशी वीस लाखांच्या आसपास माणसं बाहेर आहेत आणि दरवर्षी तीस अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसा घरी येतो. रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात पुठ्ठे अंथरून बसलेल्या बायकांचे नाचाचे व्हिडिओ लोक हसत बघतात. आठवड्यातला तेवढाच एक दिवस त्यांचा स्वतःचा असतो.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये तिथे टिकटॉक शॉप सुरू झालं. आता 'पिवळ्या बास्केटमध्ये बघा' हे वाक्य तिथे पोरासोरांच्या तोंडी आहे, कारण व्हिडिओखालच्या त्या पिवळ्या खुणेवर दाबून वस्तू मागवता येते. त्या ऑयलरची बायको लहान मुलांचे कपडे दाखवून कमिशन मिळवते. बघता बघता भुलून खरेदी होते, तिला ते 'बुदोल' म्हणतात. मूळ अर्थ फसवणूक. आमच्या मेयरच्या (फिलिपिनो खलाशी बोटीवरच्या आचाऱ्याला मेयर म्हणतात) घरी दारात रोज पार्सलवाला उभा, आणि पगार पोहोचायच्या आधीच संपलेला. याचा त्याला फार त्रास होतो. मला हा भाग चांगला वाटत नाही. कमिशन थोडं असतं आणि रोज व्हिडिओ टाकला नाही तर तेही आटतं.

आता राजकारण, कारण ते सोडून उत्तर पुरं होणार नाही. २०२५ मध्ये पूरनियंत्रणाच्या कामांतला भ्रष्टाचार उघड झाला, तेव्हा तरुणांनी ठेकेदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या मुलांचे परदेशवाऱ्यांचे, महागड्या बॅगांचे व्हिडिओ शोधून काढले आणि गुडघाभर पाण्यातून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या चित्रांशेजारी लावले. २१ सप्टेंबरला मनिलात लोक रस्त्यावर उतरले. फर्दिनांद मार्कोस यांनी १९७२ मध्ये लावलेल्या मार्शल लॉची, म्हणजे लष्करी कायद्याची ती तारीख.

पण त्याआधी तीन वर्षं त्याच ॲपवर मी उलटं पाहिलं होतं. मे २०२२ ची निवडणूक त्याच मार्कोस यांचे चिरंजीव फर्दिनांद मार्कोस ज्युनियर यांनी ३ कोटी १० लाखांहून जास्त मतं मिळवून जिंकली. प्रचाराच्या काळात आमचा बावीस वर्षांचा वायपर (इंजिन रूमची साफसफाई करणारा खलाशी) मेसमध्ये मला व्हिडिओ दाखवायचा: जुने रंगीत तुकडे, गोड संगीत, नवे पूल, आणि वर अक्षरं की त्यांच्या वडिलांच्या राज्यात देशाचा सुवर्णकाळ होता. मुलगा खोटारडा नव्हता. त्याला शाळेत कुणी दुसरं सांगितलं नव्हतं आणि लोडमध्ये पुस्तक येत नाही. त्या काळात सत्तर हजार लोक तुरुंगात गेले असं ॲम्नेस्टीचे आकडे सांगतात. १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षं अर्थव्यवस्था सात टक्क्यांनी आकसली. आणि माणसं परदेशी कामाला पाठवायचं धोरणही त्याच राजवटीत, १९७४ च्या कामगार कायद्याने सुरू झालं. म्हणजे तो वायपर घरापासून लांब या बोटीवर होता, त्याचं मूळ त्याच 'सुवर्णकाळात' होतं.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, नेग्रोस या उसाच्या बेटावरचा, पन्नाशीचा. तो हे सगळं गप्प राहून ऐकायचा. एका रात्री कॉफी पिताना त्याने वायपरचा फोन हातातून काढून टेबलावर उलटा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला (सेकंड इंजिनिअरला ते सेगुंदो म्हणतात), "सेगुंदो, १९८५ मध्ये मी तेरा वर्षांचा होतो." साखरेचे भाव कोसळले, मळे बंद पडले. उसाचा हंगाम नसतो त्या महिन्यांना तिकडे 'तियेंपो मुएर्तो', मेलेला काळ म्हणतात. तो म्हणाला, त्या वर्षी बाराही महिने तसलेच गेले. चर्चच्या दारात वाटीभर पेजेसाठी रांग लागायची आणि तो धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन उभा राहायचा, कारण भावाच्या पायात उभं राहायचं बळ नव्हतं. हे त्याने पुढे त्यांच्या भाषेत वायपरला सांगितलं. मला कळत नव्हतं, पण पोराचा चेहरा दिसत होता.

मग वायपरनेच फोन उचलला आणि म्हणाला, पुन्हा सांग. बोसनने सांगितलं. मेसचा मंद दिवा, मागे जनरेटरची घरघर, मग पाण्याचा पेला. बंदरात लागल्यावर त्याने तो व्हिडिओ मिनिटभराचा करून टाकला. सुवर्णकाळाचे व्हिडिओ लाखांनी बघितले जात होते. हा मी साइन ऑफ होईपर्यंत, म्हणजे मुदत संपून बोटीवरून उतरेपर्यंत, ३१२ लोकांनी पाहिला होता. खाली एक कमेंट बोसनच्या बहिणीची होती: आई रताळ्याची पानं उकडून द्यायची, ते सांगायचं राहिलं.