खिडकी म्हणजे वाऱ्याचा डोळा

प्रश्न : ‘विंडो’ या शब्दात ‘विंड’ म्हणजे वारा दडलाय, असं माझी मुलगी म्हणते. खरं आहे, की नुसताच योगायोग?

मुलीचं बरोबर आहे. तिला सांगा, उरलेल्या अर्ध्या शब्दात डोळा आहे. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग लोक येऊन स्थायिक झाले. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘विंदाउगा’ असा शब्द होता. ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. काच नव्हती, भिंतीला नाहीतर छपराला एक भोक, त्यातून वारा आत यायचा. तोच घराचा वाऱ्याचा डोळा.

इंग्रजीला या शब्दाची गरज होती असंही नाही. तिचा स्वतःचा शब्द होता, ‘एआगथिर्ल’, म्हणजे डोळ्याचं भोक. तो मागे पडला आणि पाहुण्याचा शब्द घरचा झाला.

आता आपले जुने शब्द बघा. गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. ‘वात’ आणि ‘विंड’ हे एकाच मूळ धातूतून आलेले, दूरचे भाऊबंद. पण खिडकीसाठी घडवलेले हे जोडशब्द कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत. भिंतीतल्या भोकाकडे बघून इथल्याही माणसाला डोळा आणि वारा आठवला, तिथल्याही. वर्गात हे फळ्यावर लिहिताना माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

त्या हरवलेल्या ‘थिर्ल’चंही सांगते, कारण तो पुरता हरवलेला नाही. ‘थिर्ल’ म्हणजे भोक. नाकाचं भोक ते ‘नोस्थिर्ल’, त्याचं झालं ‘नॉस्ट्रिल’. त्याच कुळातलं क्रियापद म्हणजे ‘थ्रिल’. जुन्या इंग्रजीत भाला अंगात आरपार घुसला की तो थ्रिल करायचा. पुढे लोखंडाच्या जागी भावना घुसू लागली. आपणही म्हणतोच की, त्याचं बोलणं काळजात घुसलं.

प्रश्न : ‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आला ना? जाताना डावी बाजू, येताना उजवी, म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. त्याची आद्याक्षरं.

नाही. ही गोष्ट मीही कित्येक वर्षं मुलांना खरी म्हणून सांगितली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. गोष्ट ऐकायला चोख आहे. इंग्लंडहून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला, म्हणजे सावलीची. परतताना उजवी. श्रीमंत प्रवासी ज्यादा पैसे मोजून त्या बाजूच्या खोल्या घ्यायचे आणि तिकिटावर ही चार अक्षरं उमटायची, असं सांगतात.

पण तसं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. तारखाही जुळत नाहीत. ‘झकपक’ या अर्थानं पॉश हा शब्द 1914च्या सुमारास छापलेला दिसतो. बोटीची कथा मात्र 1930नंतरच्या लिखाणात येते. खरोखर तिकिटांवरून शब्द आला असता, तर बोटी भरून जात होत्या त्या काळातल्या पत्रांत, रोजनिशांत तो कुठेतरी दिसायला हवा होता. त्याआधी बोलीत ‘पॉश’ म्हणजे छानछोकीचा माणूस असा अर्थ नोंदलेला आहे. नात्याचा शब्द शोधायचा तर मी तिथे शोधीन.

एक खूण लक्षात ठेवा. विसाव्या शतकाआधीचा इंग्रजी शब्द आद्याक्षरांपासून झाला असं कुणी सांगितलं, तर आधी पुरावा मागा. तेव्हा तशी शब्द घडवण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच.

प्रश्न : ‘एप्रन’ आणि ‘नॅपकिन’ हे शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत, असं वाचलं. पटत नाही.

पटवून घ्या. मूळ शब्द ‘नेप्रन’ होता, ‘नॅपकिन’मधल्या ‘नॅप’च्याच कुळातला. ‘अ नेप्रन’ भरभर म्हणून बघा, ऐकणाऱ्याला ‘अन एप्रन’ ऐकू येतं. न शेजाऱ्याकडे गेला तो कायमचा. उलटही झालं आहे : ‘एकनेम’ म्हणजे जादा नाव (हा ‘एक’ आपला आकडा नव्हे, जुना इंग्रजी शब्द), त्याला शेजारचा न चिकटून ‘निकनेम’ झालं.

प्रश्न : ‘लॉर्ड’ शब्दाचा मूळ अर्थ काय? राजा, की देव?

भाकरी राखणारा. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे भाकरी, आजचा ‘लोफ’, आणि ‘वेआर्द’ म्हणजे राखणदार. ‘ह्लाफवेआर्द’ शतकानुशतकं जिभेवर झिजत झिजत ‘लॉर्ड’ एवढाच उरला. ‘लेडी’ त्याहून सुंदर आहे : ‘ह्लाफदिगे’, कणीक मळणारी. त्यातला ‘दिग’ हा आजच्या ‘डो’चा, म्हणजे मळलेल्या पिठाचा नातलग. आणि त्यांच्या पदरी असलेला माणूस ‘ह्लाफएता’, भाकरी खाणारा. सातव्या शतकाच्या आरंभीच्या सुमाराला केंटच्या एथेलबर्ट राजानं केलेल्या कायद्यात हा शब्द येतो. धन्याला अन्नदाता म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : जुनं इंग्रजी आज आपल्याला कळत नाही, पण त्या काळी तरी सगळ्या इंग्रजांना एकमेकांचं बोलणं कळायचं का?

इंग्लंडात पहिला छापखाना घालणारा विल्यम कॅक्स्टन याच प्रश्नानं हैराण झाला होता. 1490 साली फ्रेंचमधून केलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यानं आपल्या काळातली एक हकिकत सांगितली आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून गलबतानं समुद्रापलीकडच्या झीलंडला, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याला, निघाले होते. वारा पडला, म्हणून किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातल्या शेफील्ड नावाच्या कापड व्यापाऱ्यानं एका घरी जाऊन खायला मागितलं, त्यातही ‘एग्ज’, म्हणजे अंडी, मागितली. घरधनीण म्हणाली, “मला फ्रेंच येत नाही.” व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसरा कुणी म्हणाला, याला ‘आयरेन’ हवीत. मग बाई म्हणाली, हां, आता कळलं.

दोन्ही शब्द इंग्रजांच्याच तोंडचे. ‘आयरेन’ जुना, घरचा. ‘एग’ नॉर्स, त्या वाऱ्याच्या डोळ्यासारखाच व्हायकिंगांबरोबर आलेला. एका देशातली दोन माणसं अंड्यावरून अडलेली, आणि कॅक्स्टनला तर एकच पुस्तक सगळ्यांसाठी छापायचं होतं. आजकाल माणसानं लिहावं तरी काय, ‘एग्ज’ की ‘आयरेन’, असं तो विचारतो. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला हातात घेतलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, कुठला तरी एक शब्द त्याला त्या दिवशी निवडावाच लागणार होता.